दिनूचा आकडा

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा अंगातला शर्ट चुलतभावाचा होता, हे मी साखरपुड्यातच सांगून टाकलं. सैन्यात भरती झाल्यावर पहिला आठवडाभर उशीत तोंड खुपसून आईच्या नावाने रडलो, हे पुतण्या-भाच्यांना पाठ आहे. माझी फजिती मी स्वतःच वाढतो — गरम, वर तूप सोडून. पण एक गोष्ट अशी आहे, जी मी सगळ्यांत जास्त वेळा सांगितली आणि जिच्यातलं एक वाक्य आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. बायकोपुढे नाही. देवघरात एकटा उभा असतो, तेव्हासुद्धा मी त्या वाक्याला वळसा घालून पुढे जातो. ते आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्याचपुढे का? — बहुतेक तुम्ही दिनूला ओळखत नाही, म्हणून.

आधी आमच्या घरातला एक शब्द सांगायला हवा. आमटीत मीठ जास्त पडलं, दहा माणसांचा भात रांधला आणि जेवायला चारच आले, पडद्याचं कापड वीतभर कमी पडलं — की कुणीतरी म्हणतंच, "झाला दिनूचा आकडा!" माझी बायको सुनंदा हे मासळीबाजारातसुद्धा म्हणते; तिच्या नेहमीच्या मासेवालीलाही आता तो शब्द लागलाय. हा शब्द घरात मी आणला. दिनू म्हणजे दिनकर. लांज्याकडचा, पलटणीतला माझा जोडीदार. गणपतीत मुंबईची मंडळी जमली, की पुतण्या सुशांत हटकून म्हणणार, "काका, दिनूकाकांची गोळी सांगा." आणि मी सुरू करणार —

"आम्ही दोघं लांबच्या नेमबाजीतले. गोळी मी मारायची. दिनूने शेजारी पडून दुर्बिणीतून बघायचं आणि आकडा सांगायचा. पलटण गेली बर्फाच्या डोंगरात. तिथे स्पर्धा. दिनूने हवा मोजली — पण कुठली? लांज्याच्या कातळसड्यावरची! गोळी टार्गेटच्या डोक्यावरून जी गेली, ती गेली. अजून खाली आलेली नाही. उद्या पलीकडच्या देशात कुणाची काच फुटली, तर बिल लांज्याला येईल."

इथे हशा. मग मी माझीही टिंगल करतो — दात कसे वाजत होते, नाकाचं पाणी मिशीत कसं गोठलं होतं. का करतो, माहितीये? स्वतःला हसणाऱ्या माणसाचा कुणाला संशय येत नाही. हे मला फार लवकर कळलं होतं.

आता खरं काय, ते. त्यासाठी थोडं गोळीबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका — सगळं त्यातच आहे.

गोळी सरळ जाते असं आपल्याला वाटतं. जात नाही. सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, आणि वाटेतली हवा तिला अडवत असते. पोचायला जितका वेळ, तितकी ती जास्त पडणार. म्हणून लांब मारायचं तर नळी किंचित वर उचलावी लागते. किती, ते ठरवायला रायफलीवरच्या दुर्बिणीला एक चक्री असते. आठशे मीटरला आठ, पाचशेला पाच — अशी तिच्यावर घरं पाडलेली. पण ती घरं सखल भागातल्या हवेची. उंच डोंगरात हवा पातळ. गोळीला अडवणारं कमी, तिचा वेग टिकतो, लवकर पोचते — आणि म्हणून पडते कमी. तिथे आठशेला आठच लावलं, तर गोळी टार्गेटच्या वरून निघून जाणार.

हे सगळं दिनूने मला तंबूत समजावलं होतं. तो बारावी सायन्स झालेला. मी दहावीच्या गणिताला आडवा पडलेला. म्हणून त्याने मला कळेल असं सांगितलं. "यशा, समुद्रात कमरेभर पाण्यातून धावलायस ना? आणि घोटाभर पाण्यातून? पाय तोच, जोर तोच. लवकर कुठे पोचशील मेल्या? इथली हवा म्हणजे घोटाभर पाणी. आठशेला आठ नाय लावायचं. सात."

सात. हाच तो दिनूचा आकडा.

जयगडच्या खाडीकाठी वाढलेला मी. पाण्यातलं उदाहरण कळलं नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणू? कळलं. पटलं नाही. कारण वर आल्यापासून मला माझाच पाय उचलवत नव्हता. पाण्याची बादली नेताना मधे दोनदा बसायचो. जिथे माझ्यासारखा गडी चार पावलांत धापा टाकतो, तिथे गोळी हलकी होऊन पळेल? उलट तिलाही चढ लागेल, असं माझं विज्ञान! हसा — माझी हरकत नाही. जन्मभर समुद्राच्या पातळीला राहिलेल्या माणसाला हवा म्हणजे काही अंगाला लागणारी वस्तू आहे, हे ठाऊकच नसतं. मासळीला पाण्याचं काय कळणार? हवा कमी झाली की छाती जड होते, एवढंच मला कळलं होतं. म्हणजे सगळंच जड होत असणार, असं मी धरून चाललो.

पण हे दिनूला मी बोललो का? नाही. मान डोलावली. "होय रे, सात."

आमच्यात एक रीत होती. बघणाऱ्याने आकडा सांगायचा. मारणाऱ्याने तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा, चक्री फिरवायची, आणि मग म्हणायचं — "लागला." तो शब्द ऐकला की बघणारा चक्रीकडे बघत नाही. बघायचंच नसतं त्याने. त्याचा डोळा समोर लागलेला. चक्रीपुरता जोडीदाराचा शब्द हाच त्याचा डोळा. जोडी जोडी म्हणतात ती काय असते? एवढीच असते.

त्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या जोडीला उस्ताद म्हणून, म्हणजे नव्या पोरांना शिकवायला, खाली प्रशिक्षण केंद्रात पाठवणार होते. मला त्याचं फारसं काही नव्हतं. दिनूला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. चहाच्या मगातली वाफ कुठे कलते, त्यावरूनसुद्धा तो शेजारच्या जवानाला वारा शिकवायचा. त्याला शिकवायचं होतं, आणि त्याला शिकवता यायचं. मला तंबूत बसून पाण्याची गोष्ट सांगणारा माणूस — त्याच्याहून चांगला उस्ताद मी आजवर पाहिलेला नाही.

वर आल्यावर रायफल आम्ही जवळच्या अंतरावर तपासून घेतली होती. जवळ हवेचा फरक कळत नाही. लांबचं अंतर मिळणार ते थेट स्पर्धेच्या दिवशीच, आणि प्रत्येक अंतराला एकच गोळी. चुकली तर सुधारायला दुसरी नाही.

बर्फावर पालथे पडलो. वारा असा, की चक्री फिरताना जी खट वाजते, ती शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. तीनशे मीटर — मधोमध. दिनूने नाकातून हुंकार दिला. ती त्याची शाबासकी.

पाचशे. "साडेचार," दिनू म्हणाला. "साडेचार," मी म्हटलं. चक्रीवर बोटं नेली. पाचवर आणून थांबवली. — "लागला."

किती सोपं होतं ते! मला वाटलं होतं, जीभ तरी अडखळेल. नाही अडखळली.

गोळी टार्गेटच्या अगदी वरच्या कडेला लागली. दुर्बिणीतून डोळा न काढता दिनूने विचारलं, "साडेचार लावलंस ना रे?"

"मग काय!"

"मग वर का गेली?"

"बोट ओढलं गेलं माझं," मी म्हटलं. आणि गंमत म्हणजे मला स्वतःलाही तेच खरं वाटलं. वाटून घेतलं. गोळी माझ्या कानात ओरडून सांगत होती की दिनू बरोबर आहे, आणि मी तिचं ऐकत नव्हतो. का? — हे सांगायला मला फार लाज वाटते. कारण माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली होती. आठशेची गोळी मी माझ्या आठने मारणार, आणि मग तंबूत सगळ्यांसमोर विचारणार, "काय दिनूशेठ, तुमचा सात लावला होता कुणी?" तो हशा मला ऐकूही येत होता. बर्फावर पालथा पडून, बोट घोड्यावर ठेवून, मी टाळ्या गोळा करत होतो.

आठशे. दिनूने वारा परत एकदा बघितला. मग म्हणाला, "मी सातवरच राहतो. राहू ना रे यशा?"

"राहा की."

"सात."

"सात," मी म्हटलं. चक्री आठवर नेली. "लागला."

समोरच्या उतारावर, टार्गेटच्या वर, बर्फाचा एक लहानसा धूर उडाला. झेंडी हलली — गेली. चुकली.

आता वाक्य येतंय. तुम्ही म्हणाल, आलं की — खोटं 'लागला' म्हणालास, हेच ना? नाही. ते पाप आहेच, पण ते तरुणपणाचा माज म्हणून खपवता आलं असतं. मी त्याच क्षणी मोठ्याने बोललो असतो तर चार शिव्या खाऊन ते तिथेच संपलं असतं. हे त्याच्या नंतरचं आहे.

दिनू डोळा दुर्बिणीला लावून तसाच पडून होता. उडालेलं बर्फ खाली बसताना बघत. मागून सुभेदारसाहेबांचे बूट बर्फात करकरत येत होते. गोळी चुकली की चक्री ते स्वतः वाकून बघायचे. माझा हातमोजा चक्रीवर गेला. वर भुरभुरलेलं बर्फ झटकतोय, असं दाखवत. खट. खट.

गोळी सुटून गेल्यावर मी चक्री आठवरून सातवर आणली.

हेच ते वाक्य.

साहेब वाकले. बघितलं. "सात?" त्यांनी विचारलं — कुणाला, ते ठरायच्या आत दिनू उठून उभा राहिला. छातीवर बर्फ तसंच. "साहेब, आकडा माझा होता. हवा आणखी पातळ धरायला हवी होती. कमी पडलो मी." मी शेजारी सावधान उभा. साहेब रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, कागदावरचं डोंगरात चालतंच असं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा यात काही दोष नाही." आणि मी म्हटलं — "जी साहेब."

आमची जोडी मोडली. दिनूला कोठारात टाकलं, घोंगड्या आणि बूट वाटायला. तिथेही तो मोजून झालं की दुसऱ्या कुणाकडून परत मोजून घ्यायचा. मला नवा जोडीदार मिळाला. पुढच्या वेळी लांबचं अंतर आलं, तेव्हा साहेबही बदलून गेले होते. मी नव्या जोडीदाराला म्हटलं, "आठशेला सात धर. माझा अंदाज आहे." गोळी मधोमध लागली. माझ्या अंदाजाचं कौतुक झालं. त्या दिवशी तरी जीभ झडावी की नाही?

आणि ती गोष्ट? ती मी पहिल्यांदा सांगितली, ती दिनूलाच. कोठारात खाली मान घालून बसलेला दिसला. त्याला हसवावं म्हणून लांज्याचा सडा, फुटलेली काच, असं काहीबाही जोडलं. तो हसला. मग मला वाटलं, हसला म्हणजे मिटलं. तेव्हापासून मी ते मिटवत आलोय — दर गणपतीला, दर लग्नात, घरभर.

आता यंदाचं सांगतो. दोघंही आम्ही कधीचे निवृत्त. मी मिरजोळ्याला एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर. दिनूची लांज्याला काजू आणि थोडी आंब्याची कलमं. मे महिन्यात तो अचानक घरी आला. एसटीने, काखेत फणस. सुशांत सुट्टीला आलेला होता. सुनंदाने कोकम सरबत केलं, आणि गडबडीत साखर घालायची राहिली. सुशांतने एक घोट घेतला आणि ओरडला, "काकी, दिनूचा आकडा झालाय गो! साखरच नाय!"

पाहुण्याचं नाव त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सुनंदाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मी फणसाकडे बघत बसलो.

पहिला हसला तो दिनू. "म्हणजे घरात नाव आहे तर माझं!" मग सुशांतला जवळ बसवून त्याने स्वतःच सगळी गोष्ट सांगितली. माझ्याहून चांगली सांगितली. लांज्याचा सडा आला, काच आली, वर लांज्याच्या पोस्टमनने ते बिल कसं आणून दिलं, हेही त्याने नवीन जोडलं. आणि शेवटी म्हणाला, "पण बाळा, एक गोष्ट तुझ्या काकाने तुला कधीच सांगितली नसेल."

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"नेम याचा सुतासारखा होता. गोळी जराही डावी-उजवी नाय. माझा आकडा बरोबर असता, तर टार्गेटचं काळीज फोडलं असतं याने. हे तो सांगत नाय कुणाला. मोठेपणा आहे त्याचा."

नंतर आम्ही पडवीत बसलो, दोघंच. आत सुनंदा हाताला तेल लावून फणस फोडत होती. दिनू म्हणाला, "मी आलोय ते विचारायला. तुमच्या मिरजोळ्यात भरतीच्या पोरांचा क्लास आहे, त्यांनी छोटी रेंज बांधलीय. शिकवायला बोलावलंय मला. मन तर फार होतंय रे." हाताच्या तळव्यावर बोटाने काहीतरी आखत राहिला. "पण यशा, मी कलमांना खत किती घालायचं तेसुद्धा बायकोला विचारतो. तो दिवस मी किती वेळा मांडला असेन! हवा मांडली, थंडी मांडली, उंची मांडली. दर वेळी सातच येतं. आजही सातच येतं. म्हणजे माझं मुळातच कुठेतरी चुकतंय, आणि ते मला दिसत नाय. असा माणूस पोरांना काय शिकवणार? तू शेजारी होतास. तू सांग. जाऊ?"

दर वेळी सातच येतं.

काय बोलायचं होतं मला? चार शब्द. 'दिनू, सात बरोबर होतं.' आजूबाजूला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, बूट वाजत नव्हते, पेन्शन कुणी काढून घेणार नव्हतं. भीती कसली होती, सांगा? त्याच्या तोंडावरून माझा तो 'मोठेपणा' उतरताना बघायची? आत बसलेल्या बायकोची? की आमच्या घरातला एक शब्द संपेल, याची?

मी म्हटलं, "बघ बाबा. पोरांचा प्रश्न आहे. जबाबदारी असते."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, हो ना? मी बोललो.

दिनूने मान डोलावली. "तेच म्हटलं मी," म्हणाला, आणि फणसाचे गरे खाऊन साडेचारच्या गाडीने निघून गेला.

त्याने क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवलं. वर माझं नाव सुचवलं. त्यांचा फोन आला, तेव्हा मी कारखान्याच्या गेटवर होतो. विचार करून सांगतो म्हटलं. संध्याकाळी होय म्हणून कळवलं.

आता दर रविवारी मी त्या रेंजवर असतो. पोरं-पोरी मला उस्ताद म्हणतात. छऱ्याच्या रायफली आहेत, अंतर हाकेवरचं, हवेचा तिथे काही संबंध नाही. तरी पहिल्या दिवशी मी त्यांना कमरेभर पाण्याची आणि घोटाभर पाण्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांना कळली. कुणी शिकवली, ते सांगितलं नाही. रीतही शिकवली — आकडा परत म्हणायचा, चक्री फिरवायची, मग 'लागला'. पोरं खणखणीत म्हणतात. आणि प्रत्येक 'लागला' नंतर मी जातो, वाकतो, चक्री डोळ्यांनी बघतो. एक पोरगी परवा म्हणालीच, "उस्ताद, तुमचा आमच्यावर विश्वासच नाही." मी काहीतरी विनोद केला.

रविवारी संध्याकाळी दिनूचा फोन येतो. न चुकता. पोरं किती, वारा होता का, मुली चांगल्या मारतात ना, सगळं विचारतो. गेल्या रविवारी म्हणाला, "आकडा नीट ऐकतात ना रे पोरं?"

"ऐकतात," मी म्हटलं.

"मग झालं. सांगणारा माझ्यासारखा नसला म्हणजे बस," तो म्हणाला आणि हसला.

मीही हसलो.